द वॉकिंग डेड पहिल्यापासून बघायला घेताय? बेळगाव-खानापूर-निपाणीवाल्यांसाठी सगळं क्रमानं

बेळगावात ही सिरीयल बघणारी माणसं वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त आहेत, फक्त घरात कोण बोलत नाही, कारण बोललं की "ती मढी चालत येतात तीच की रे?" असं विचारतात आणि विषय तिथंच संपतो. मग नवीन कोणाला बघायची असली की तो कोणाला तरी गाठून तेच तेच विचारतो, कुठनं सुरू करू, इतक्या सिरीयली कशाला आहेत, सातव्या सीझनला सोडलेली परत घेऊ का. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवालोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ही सिरीयल मधेच सोडणारे बहुतेक लोक तिला वैतागून सोडत नाहीत, ती भलत्याच वेगानं बघून दमतात आणि सोडतात. आठवड्याला एक भाग दाखवायचा म्हणून बनवलेली गोष्ट तुम्ही एका रात्रीत सहा-सहा भाग ओढलात तर ती मार खाणारच.

१. आधी हिशोब डोक्यात बसवा

मुख्य सिरीयल अमेरिकेत एएमसी चॅनलवर ३१ ऑक्टोबर २०१० ला सुरू झाली. तारीख आपल्याला लक्षात ठेवायला सोपी, काळ्या दिनाचा आदला दिवस. संपली २० नोव्हेंबर २०२२ ला. सीझन ११, भाग १७७. पहिल्या सीझनचे ६, दुसऱ्याचे १३, तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत प्रत्येकी १६, दहाव्याचे २२ आणि अकराव्याचे २४. जाहिराती सोडून एक भाग साधारण पाऊण तास, काही काही मोठे. म्हणजे रोज एक म्हटलं तरी सहा महिने लागतात. हे ऐकून घाबरून पळणारे इथंच पळतात आणि ते बरंच असतंय.

२. काय काय लागतंय

- ज्याच्यावर सिरीयल आहे त्या ॲपचं सबस्क्रिप्शन. कुठल्या ॲपवर ते लिहीत नाही, कारण हे हक्क एकाकडनं दुसऱ्याकडं जात असतात. पैसे भरायच्या आधी ॲपमध्ये सर्च करून अकराच्या अकरा सीझन आहेत का ते मोजा, आणि पहिल्यांदा एक महिन्याचाच प्लॅन घ्या, वर्षाचा नको.
- हेडफोन. हे ऐच्छिक नाही. वॉकरांचा, म्हणजे त्या चालणाऱ्या मढ्यांचा, तो घोगरा घरघर आवाज रात्री अकराला बाहेरच्या खोलीत गेला की घरचे उठून येतात.
- इंग्लिश सबटायटल. मराठीत मिळतील अशी आशा धरू नका. इंग्लिश कितीही चांगलं असू दे, चालू ठेवा, कारण सगळे जॉर्जियाच्या हेलात बोलतात आणि डॅरिल नावाचा माणूस तर अर्धं तोंडातल्या तोंडातच बोलतोय. शिवाय कार्ल नावाचा पोरगा आहे आणि कॅरल नावाची बाई आहे, आणि नायक रिक आपल्या पोराला, त्या कार्लला, हाक मारतो ती "कोरल" अशी ऐकू येते, त्यामुळं सबटायटल नसतील तर पहिले तीन-चार भाग कोण कोणाला बोलावतंय तेच कळत नाही.
- डाऊनलोड करायला फोनमध्ये मोकळी जागा. जून-जुलैत खानापूरकडं पाऊस धरला की लाईट आणि रेंज जोडीनं जातात. वायफाय असेल तिथं चार-पाच भाग उतरवून ठेवायचे. डाऊनलोड केलेले भाग काही दिवसांनी आपोआप एक्स्पायर होतात, म्हणून अख्खा सीझन उतरवून ठेवण्यात अर्थ नाही.
- एक साधी वही. का ते सहाव्या पायरीत.

फुकटच्या एपीके फायली (प्ले स्टोअरबाहेरनं टाकायची ॲप) आणि टेलिग्रामच्या लिंका कोणी दिल्या तर घेऊ नका. असली ॲप कॉन्टॅक्ट, एसेमेस सगळ्याची परवानगी मागतात, आणि ओटीपी त्याच फोनवर येतोय हे विसरू नका.

३. घरातली जागा आणि वेळ ठरवा

संध्याकाळी सात ते साडेनऊ हॉलमधला टीव्ही तुमचा नाही, हे आपल्याकडं सांगायची गरज नाही. त्यावर भांडू नका. साडेनऊनंतर किंवा पहाटे बघा, किंवा सरळ फोनवर. घरात बारकी पोरं असतील तर मोठ्या स्क्रीनवर लावूच नका. ही सिरीयल मोठ्यांसाठीच आहे, आणि पोरं पडद्याआडनं बघतात ती बघतातच.

जेवताना नको. विशेषतः पहिल्या सीझनचा दुसरा भाग. त्यात वॉकरांना माणसाचा वास येऊ नये म्हणून काय अंगाला फासतात ते बघितलं की ताटातलं मटण तसंच राहतंय.

बसमध्येही नको. बेळगाव-निपाणी बसला शेजारी मांडीवर भाजीची पिशवी घेतलेल्या मावशी बसलेल्या असतात, आधी दहा मिनिटं त्या तुमच्या स्क्रीनकडं बघतात, मग पोट फाडायचा सीन येतोय, मग त्या स्क्रीन सोडून तुमच्याकडं बघायला लागतात आणि संकेश्वर येईपर्यंत बघतच असतात. हायवेवर वेळ घालवायला गाणी ऐका.

४. पहिला भाग नीट बघा, तिथंच कळतंय तुमचं जमणार की नाही

पहिला भाग तासापेक्षा थोडा मोठा आहे. सिरीयल उभी केली त्या फ्रँक डॅराबाँटनंच तो दिग्दर्शित केलाय. रिक ग्राइम्स नावाचा डेप्युटी शेरीफ कोमातनं हॉस्पिटलात जागा होतोय आणि बाहेर जग संपलेलं असतंय, इतकं सांगितलं तर चालतंय.

त्यात बागेतला एक सीन आहे. कमरेखालचं अंगच नसलेली एक बाई गवतातनं हातांनी सरपटत रिककडं येते. तो तिथली सायकल उचलून निघून जातो. घरी जाऊन, जरा सावरून, बंदूक हातात आल्यावर तो मुद्दाम परत त्या बागेत जातो, तिच्याजवळ बसतो, तुझ्यावर ही वेळ आली याचं वाईट वाटतंय म्हणतो आणि मग गोळी घालतो. त्याच वेळी दुसरीकडं मॉर्गन नावाचा माणूस खिडकीत बंदूक धरून बसलाय, रस्त्यावर त्याची बायको फिरते आहे, आणि त्याचं बोट काही दाबलं जात नाही. हे दोन सीन बघून तुम्हाला काहीच झालं नाही, "फायटिंग कधी येणार" असंच वाटत राहिलं, तर सिरीयल तुमच्यासाठी नाही. झॉम्बी मारायच्या भरपूर गोष्टी दुसरीकडं मिळतात.

पहिल्या सीझनचे सहाच भाग आहेत. आठवड्यात होतात. त्यानंतर नाही आवडली तर सोडा की, कोण विचारणार आहे.

नियम थोडक्यात: डोक्यावर घाव घातल्याशिवाय वॉकर मरत नाही, ते आवाजाकडं येतात आणि वासावर ओळखतात. हा रोग कशानं आला हे मूळ सिरीयलीत शेवटपर्यंत सांगत नाहीत. मूळ कॉमिक लिहिणाऱ्या रॉबर्ट कर्कमननं ते जाणूनबुजून उघडं केलेलं नाही. म्हणून त्याची वाट बघत बसू नका.

५. वेग: सीझन नको, अर्धा सीझन मोजा

मुख्य पायरी हीच. दुसऱ्या सीझनपासून ही सिरीयल अर्धी अर्धी दाखवायचे, मधे हिवाळ्याची सुट्टी. दुसऱ्याचे ७ आणि ६, तिसऱ्यापासून ८ आणि ८, आणि अकराव्याचे तर आठ-आठचे तीन तुकडे. गोष्ट लिहिलीच तशी आहे, आठव्या भागाला मोठा दणका असतोय, नवव्याला सगळे विखुरलेले असतात, मग हळूहळू जमतात. तुम्ही आठव्यावरनं लगेच नवव्यावर उडी मारली की "आता परत काय हे रडगाणं" असं वाटतंय. तेच चार-पाच दिवस थांबून घेतलं की बरोबर बसतंय.

म्हणून दिवसाला एक, फारतर दोन भाग. आठ झाले की सुट्टी. परीक्षा, लग्नसराई, गणपती, ह्या सगळ्या सुट्ट्या अशाच जुळवायच्या. गणपतीच्या अकरा दिवसांत आपल्याकडं तसंही हेडफोनमधलं काही ऐकू येत नाही.

दहाव्या सीझनला एक घोळ लक्षात ठेवा. कोरोनामुळं त्याचा सोळावा भाग एप्रिल २०२० च्या ऐवजी ऑक्टोबरमध्ये आला, आणि मग २०२१ च्या सुरुवातीला ६ भाग जादा जोडले. त्या जादा भागांत दोन-तीनच माणसं, एखादं घर, नुसतं बोलणं. शूटिंगला गर्दीच करता येत नव्हती. हे माहीत नसलं की लोक म्हणतात सिरीयल मेली. त्यातला शेवटचा, २२ वा, काही झालं तरी चुकवू नका.

आणि बघताना वॉकरांकडं पण बघा बरं का. मेकअप ग्रेग निकोटेरोच्या टीमचा. वॉकर होणाऱ्या एक्स्ट्रा लोकांची आधी शाळा घ्यायचे, कसं चालायचं, मान कशी टाकायची. पहिल्या सीझनमधले वॉकर अजून माणसासारखे दिसतात, कपडे धड, केस डोक्यावर. जसजशी वर्षं जातात तसतशी कातडी हाडाला चिकटत जाते, ओठ आत जातात, दात तेवढे पुढं राहतात. एकदम बघितलं तर कळत नाही, मधे सुट्टी घेऊन आलं की लगेच दिसतंय.

६. स्पॉयलरपासून जीव वाचवा

सिरीयल संपून काही वर्षं झाली, त्यामुळं पुढं काय होतंय ते (तेच स्पॉयलर) जगात कोणालाच आता लपवायची गरज वाटत नाही.

सगळ्यात वाईट सापळा गुगलचा. एखाद्या नटाचं नाव आठवत नाही म्हणून पात्राचं नाव टाईप करायला जाता आणि पुढं आपोआप "डेथ एपिसोड" असं येतंय. संपलं. म्हणून वही. नवीन माणूस आला की नाव आणि तो कोणाबरोबर आला ते लिहा, तिसऱ्या सीझननंतर इतकी माणसं येतात की लिहिल्याशिवाय राहतच नाहीत. शंका आली तर वही उघडा, गुगल नको. फॅन लोकांनी बनवलेल्या विकीवर तर पाऊलच टाकू नका, तिथं पहिल्याच चौकटीत तो माणूस जिवंत की मेलेला ते लिहिलेलं असतंय.

दुसरा सापळा यूट्यूबचे थंबनेल आणि रील. एक क्लिप पूर्ण बघितली की पुढचे आठ दिवस तेच येत राहतंय. "नॉट इंटरेस्टेड" दाबत राहा.

तिसरा म्हणजे मित्र. आपल्याकडं ग्रुपमध्ये मराठी, कन्नड सगळेच असतात, आणि ही सिरीयल बघणारे दोन्हीकडं आहेत, त्यामुळं दोन्ही भाषांत दम देऊन ठेवावा लागतो, "सांगायचं नाही बघ" आणि "हेळब्याड". तरी कोणतरी "तो मरतोय त्या भागापर्यंत आलास काय गा?" म्हणून विचारतोच. अशा माणसाशी सहा महिने क्रिकेटवर बोला.

७. जिथं लोक सोडतात त्या दोन जागा

पहिली, दुसरा सीझन. सगळे एका शेतावर मुक्काम करतात आणि वॉकरांपेक्षा आपसातलीच भांडणं जास्त. कोण राहणार, कोणाची जागा, कोणाचं ऐकायचं. बांधावरनं दोन पिढ्या कोर्टात गेलेली घरं ज्यांनी बघितली आहेत त्यांना हा सीझन कंटाळवाणा वाटूच शकत नाही असं माझं ठाम मत आहे, पण लोक म्हणतात संथ आहे. संथ आहेच. सातव्या भागापर्यंत या, शेवटची पाच मिनिटं बघा, मग बोला.

दुसरी जागा, सातव्या सीझनचा पहिला भाग. काय होतंय ते सांगत नाही. सहावा सीझन एप्रिल २०१६ मध्ये असा काही ठिकाणी संपवला की लोक सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ लटकले, २३ ऑक्टोबरला पुढचा भाग आला आणि तो इतका क्रूर होता की बऱ्याच जणांनी त्याच रात्री नमस्कार केला. पाचव्या सीझनच्या पहिल्या भागाला अमेरिकेत १ कोटी ७० लाखांच्या वर लोक बसले होते, सातव्याच्या पहिल्यालाही जवळपास तितकेच, पण त्यानंतर आकडा जो उतरला तो परत चढला नाही.

तुम्ही काय करायचं:

- सहावा संपला की ऑटोप्ले बंद. निदान एक आठवडा थांबा.
- सातव्याचा पहिला भाग रात्री एकट्यानं नको, दिवसा बघा, सुट्टीच्या दिवशी.
- आणि महत्त्वाचं, दुसरा भाग त्याच दिवशी बघा. बाकी सगळीकडं मी थांबा म्हणालोय, इथं थांबू नका. दुसरा भाग एकदम वेगळ्या जागी घेऊन जातो, त्यात एक वाघ आहे, बास.

सातवा आणि आठवा थोडे ओढलेले आहेत, हे मान्य. लढाईची तयारी, मग लढाई, मग परत तयारी. पण इंटरनेटवर "हे भाग गाळा" अशा याद्या फिरतात त्यांच्या नादाला लागू नका. गाळायला सांगितलेल्या भागांत बऱ्याचदा दोनच माणसं एका घरात बोलत असतात, आणि पुढं तीन सीझननंतर त्यांच्यातलं एक काही करतं तेव्हा कळतंय का केलं ते. चौथ्याचा १४ वा भाग असाच आहे. तो गाळलात तर कॅरल तुम्हाला कधीच समजणार नाही.

नवव्यापासून सूत्रं अँजेला कांगकडं गेली, टायटल सुद्धा बदललं, हवाच बदलली. सातव्याला सोडलेले जे परत आले ते इथं टिकले.

८. बाकीच्या सिरीयलींचा क्रम

आधी मुख्य ११ सीझन पूर्ण करा, मग बाकीचं. कारण साधं आहे. पुढच्या सिरीयलींच्या पोस्टरवरच कोण जिवंत राहिलं ते छापलंय. एकीचं तर नावच "डॅरिल डिक्सन". आता काय बोलायचं. हा डॅरिल मूळ कॉमिकमध्ये नाहीच, सिरीयलसाठी बनवलेला माणूस, नॉर्मन रीडसनं असा केला की त्याच्या नावावर वेगळी सिरीयल निघाली.

माझा क्रम असा:

फिअर द वॉकिंग डेड. २०१५ ते २०२३, ८ सीझन, ११३ भाग. लॉस एंजेलिसमध्ये सगळं कोसळतंय तिथनं सुरुवात. पहिले तीन सीझन उत्तम, नंतरचं तुमच्या जबाबदारीवर. धीर धरवत नसेल तर हे तीन सीझन मधे कधीही बघा, पण चौथा सीझन मुख्य सिरीयलीचा आठवा संपल्याशिवाय लावायचा नाही, तिथं इकडचं माणूस तिकडं जातंय.

मग वर्ल्ड बियाँड, २ सीझन, २० भाग. पोराटोरांची आहे, मला विशेष भावली नाही, पण हेलिकॉप्टरवाल्या लोकांची माहिती हिच्यात आहे आणि ती पुढं लागते.

मग द वन्स हू लिव्ह, २०२४, सहाच भाग. ही बघायला मिळावी म्हणूनच आधीचं सगळं.

डेड सिटी मॅनहॅटनमध्ये, डॅरिल डिक्सन सुरुवातीला फ्रान्समध्ये, दोन्ही २०२३ ला सुरू झाल्या, कुठलीही आधी घ्या. टेल्स ऑफ द वॉकिंग डेड म्हणजे सहा सुट्या गोष्टी, पावसात घरी अडकलात तर बघा.

९. कॉमिक

कर्कमनचं कॉमिक ऑक्टोबर २००३ ते जुलै २०१९ चाललं, १९३ अंक. पहिले सहा अंक टोनी मूरनं काढलेत, पुढचे सगळे चार्ली अॅडलार्डनं. ते ब्लॅक अँड व्हाइट आहे. सगळे अंक चार जाडजूड कंपेंडियममध्ये (बरेच अंक एकत्र बांधलेलं पुस्तक) मिळतात. आपल्याकडच्या दुकानात मिळणं कठीण, ऑनलाइन मागवावं लागतंय, नाहीतर डिजिटल घ्या. मागवताना कंपेंडियम आहे की एखादाच पातळ खंड आहे ते पानांचा आकडा बघून खात्री करा, फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. सिरीयल संपल्यावरच वाचा. कोण कधी मरतंय ते दोन्हीकडं वेगळं आहे, त्यामुळं नंतर वाचायला मजा येते, आधी वाचलं तर सिरीयल बघताना उगाच वाट बघत बसता.

१०. कोणाबरोबर बघायचं

एकट्यानं बघता येते, पण बोलायला एक माणूस पाहिजे. फार नको, एकच. एका वेगानं चालणारा. दोघांनी ठरवायचं, या रविवारपर्यंत इतके भाग, मग चहाला भेटायचं आणि तासभर भांडायचं, रिकनं केलं ते बरोबर की चूक. पुढं गेलेल्यानं गप्प बसायचं, चेहऱ्यावर सुद्धा काही दाखवायचं नाही. "थांब, थांब, पुढं बघ" असं म्हणणं हाही स्पॉयलरच.

बायको किंवा नवऱ्याबरोबर बघत असाल तर आधीच ठरवून घ्या, दुसरं झोपलं असताना पुढचा भाग लावायचा नाही. आमच्या ओळखीत यावरनं आठ दिवस अबोला झालेला आहे.

११. शेवटाला आल्यावर

अकराव्याचे शेवटचे आठ भाग लागले की वेग आणखी कमी करा. शेवटच्या दोन भागांसाठी लागोपाठ दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर कुठं लग्नाला कोल्हापूरला जायचं वगैरे नको. शेवटच्या भागाच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले नक्की बंद करा, नाहीतर नावं वर सरकत असतानाच ॲप दुसऱ्या सिरीयलीचा ट्रेलर लावतंय आणि त्यात तुम्हाला आत्ता बघायचा नसलेला चेहरा पहिल्याच सेकंदाला येतोय.